तीन चांदण्या दिसेपर्यंत

खुर्ची मिळणार होती शैलेंद्रला. पण त्या खुर्चीतून काय काय पदरात पडणार, याचा हिशेब चित्रानं आधीच मांडून ठेवला होता.

आयर्लंडमध्ये, शॅननच्या औद्योगिक वसाहतीत शैलेंद्रचा कारखाना होता. म्हणजे मालकीचा नव्हे, नोकरीचा. हॉस्पिटलच्या यंत्रांना लागणारे बोटाएवढे व्हॉल्व्ह तिथं बनत. तिथला साइट हेड उन्हाळ्याआधी निवृत्त होणार होता, आणि त्याच्या जागेसाठी जी नावं कुजबुजली जात त्यांत शैलेंद्रचं नाव शेवटून दुसरं होतं. चित्राला शेवटून दुसरं पुरेसं होतं. पगाराचं तिला फारसं कौतुक नव्हतं. पगार वाढला की खर्च त्याचं बोट धरून येतोच. तिची यादी वेगळी होती. त्यात पहिल्या होत्या पुऱ्या. मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला पुऱ्या चित्राच्याच गळ्यात पडत, आणि त्यांच्या एनिस गावच्या दमट हवेत टम्म फुगलेली पुरी घरून हॉलपर्यंत पोचेतो मान टाकायची. मग बायका म्हणायच्या, "छान आहेत गं, जरा वातड." साइट हेडच्या बायकोला पुऱ्या कोण सांगतो? ती दुकानातला श्रीखंडाचा डबा आणते आणि लोक म्हणतात, वेळ कुठून काढता हो तुम्ही! दुसरी होती पुण्याची जाऊ पद्मिनी, जी व्हिडिओ कॉलवर आधी नवा पडदा दाखवायची आणि मग तोंड. तिसरा स्वतः शैलेंद्र. सहा फुटांवर उंची, दारातून वाकून जाणारा माणूस, पण बोलायची वेळ आली की पाण्याची बाटली शोधायचा. खुर्चीत बसला की त्याची पाठ सरळ होईल, असं चित्राला मनापासून वाटे. यादीतलं एवढं एकच कलम ती कुणाला बोलून दाखवत नसे.

फेब्रुवारीत वादळ आलं आणि सकाळी त्यांच्या वसाहतीत एकाही दाराशी कचऱ्याचं बिन उरलं नाही. नवरा-बायको रेनकोट चढवून शोधायला निघाले. शैलेंद्र कुंपणांवरून डोकावत होता, चित्रा झुडपांत. दारोदार विचारत ते रांगेतल्या शेवटच्या घरापाशी आले.

तिथं सुलेखा झिराडकर राहायची. हॉस्पिटलात नर्स. आणि तिच्याकडे आई, मिल्काबाई, अलिबागकडून आलेल्या. बेने इस्राएल. मंडळात पहिल्यांदा "आम्ही ज्यू" म्हणाल्या तेव्हा कुणीतरी बोलून गेलं होतं, "पण तुम्ही तर नऊवारी नेसता!" त्यावर मिल्काबाई म्हणाल्या होत्या, "मंग काय नेसू? आमचे वाडवडील तेलाचा घाणा चालवायचे. शनवारी घाणा बंद, म्हणून गाव आमाला शनवार तेली म्हणायचं. लुगडं तिथलंच, भाकर तिथलीच. देव तेवढा बरोबर आणलेला." चित्रा त्यांची नक्कल फार छान करायची. मंडळात हमखास हशा.

शैलेंद्रनं बेलला हात लावायच्या आधीच दार उघडलं.

"आलास? लई वेळ लावलास," मिल्काबाई म्हणाल्या.

"मावशी, आमचं बिन..."

"बिन घावलंय. त्याचं सोड. आत ये नि बस खाली. एवढा उंच, माजा हात पोचायचा नाय."

शैलेंद्रनं चित्राकडे पाहिलं. चित्रानं डोळ्यांनी सांगितलं, बस, म्हातारं माणूस आहे. तो चपलांच्या शेजारी गुडघे टेकून बसला. मिल्काबाईंनी पदराआडून खोबरेलाची बाटली काढली आणि त्याच्या टाळूवर धरली. एनिसमध्ये फेब्रुवारीत खोबरेलाचा दगड होतो. चित्रा बाटली केटलच्या वाफेवर धरून वितळवायची. मिल्काबाईंच्या बाटलीतून ते पाण्यासारखं आलं. कपाळावरून, नाकावरून, रेनकोटाच्या कॉलरमध्ये.

"लोकांवर तुला नेमलंय," त्या म्हणाल्या. कुणी बसची वेळ सांगावी तसं.

"कुणी?" चित्रानं विचारलं. ती हसणार होती, पण हसू आलं नाही.

"मला काय इचारतेस? मी तेली." मिल्काबाईंनी हात पदराला पुसले. "ह्यो सगळ्यांपेक्षा एक डोकं उंच. आमच्या पोथीतला पयला राजा, शौल, असाच होता. बापाची हरवलेली गाढवं शोधाया निघाला नि राज्य घेऊन परत आला. आता जा. कबरस्तानाच्या भिंतीपाशी दोघं भेटतील, ते बिनचं सांगतील. पुढं एक बाई पाव घेऊन जाताना भेटंल. ती देईल तो घे, नको म्हणू नको. आणि खुर्ची मिळाली की एलियाहू हन्नबीच्या, आमच्या संदेष्ट्याच्या नावानं नवसाचा मलिदा घालायचा. मी येईन, म्हणायचं ते म्हणीन, मंगच ताटाला हात. तोवर थांबायचं. कळलं?"

"हो मावशी," शैलेंद्र म्हणाला. तेल डोळ्यांत गेल्यामुळे तो कशालाही हो म्हणाला असता.

रस्त्यावर आल्यावर चित्राला हसू फुटलं. ते जुन्या कबरस्तानापर्यंत टिकलं. भिंतीला टेकून दोन म्हातारे उभे होते. त्यातला एक टोपी वर करून म्हणाला की बिन शोधताय ना, ते खालच्या शेतात आहे, युअर मॅननं, म्हणजे तिथल्याच कुणीतरी, गेटला बांधून ठेवलंय, अगदी ग्रँड, धड आहे. नवरा-बायको अजून काही विचारणार तोवर वळणावरून एक बाई आली. हातात कापडात गुंडाळलेले दोन सोडा ब्रेड. ओळख ना पाळख. एक शैलेंद्रच्या हातात ठेवला आणि म्हणाली, वीज गेलीय ना तुमच्याकडे, घ्या. वीज कुणाचीच गेली नव्हती.

ब्रेड गरम होता. दोघांनी तो घरी जाऊन लोण्याबरोबर खाल्ला.

मे महिन्यात मुख्य ऑफिसातून माणसं आली. नाव जाहीर करायला सगळ्यांना खाली बोलावलं तर शैलेंद्र सापडेना. आशिषनं त्याला हुडकून काढलं. आशिष त्याच्याच विभागातला, नागपूरचा, वयानं लहान, जिभेवर खडीसाखर. शैलेंद्र पॅकिंगच्या गोदामात खोक्यांच्या मागं उभा होता. "अरे बाप्पा, सर, तुमचंच नाव आहे ना! लपता काय?" असं म्हणत आशिषनं दंडाला धरून त्याला बाहेर आणलं. टाळ्यांच्या गर्दीत त्याचं डोकं सगळ्यांच्या वर दिसत होतं. ही हकिगत आशिषनं पुढं प्रत्येक पार्टीत सांगितली, आणि पहिले काही महिने शैलेंद्रही तिला हसत असे.

चित्राचा हिशेब बरोबर निघाला. पाठ सरळ झाली. पद्मिनीनं पडदे दाखवायचे बंद केले. फक्त उशीच्या अभ्र्याचा खोबरेलाचा वास कितीही धुतला तरी जाईना, आणि शैलेंद्रनं तर त्या दिवसानंतर डोक्याला तेल लावलं नव्हतं.

मलिद्याचा दिवस त्यानं ठरवला तो जूनमधला शनिवार. सगळ्यांना सोयीचा. मिल्काबाई म्हणाल्या, "शनवारीच चांगलं. पर शनवार संपल्याबिगर मी चुलीला, गाडीला, बटनाला हात लावत नाय. संपला की येईन."

"किती वाजता संपतो, मावशी?"

"घड्याळाचं मला काय? आभाळात तीन चांदण्या दिसल्या की संपला."

शैलेंद्रच्या मनातलं आभाळ पुण्याचं होतं. तिथं दिवेलागणीला चांदण्या दिसतात. त्यानं मंडळाला आणि ऑफिसच्या निवडक लोकांना सातचं बोलावणं धाडलं. इतकी वर्षं या देशात राहून, मुलीला उजेडात झोपवण्यासाठी खिडकीला जाड काळे पडदे शिवून, चित्राच्याही ते लक्षात आलं नाही. त्यांच्या क्लेअर परगण्यात जूनचा सूर्य दहाला बुडतो, आणि बुडाल्यावरही बराच वेळ, दार उघडं टाकून गेलेल्या माणसासारखा, उजेड मागं ठेवतो.

चित्रानं मावशींनी सांगितल्याप्रमाणे पोहे भिजवले, गूळ-खोबरं-वेलची कालवली, वर केळी, सफरचंदं, खजूर मांडले, मधोमध गुलाब ठेवला. सात वाजले. आठ. खिडकीतून ऊन सरळ ताटात पडलं होतं. मुलं कुरकुरू लागली.

"मम, आय्म स्टार्व्हिंग," अक्षया म्हणाली. अक्षया त्यांची मुलगी, अकरा वर्षांची. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र क्लेअरच्या हेलात.

"एक फोन करा की त्यांना. चार दारं सोडून तर राहतात," कुणीतरी म्हणालं.

"शनिवारी त्या फोन उचलत नाहीत."

"मग अक्षयाला धाड."

अक्षया जाऊन आली. मिल्काआजी पडदे लावून अंधारात बसलीय, असं सांगून आजीचा निरोप तिनं आपल्या हेलात दिला, "नॉट यट."

नऊला ऑफिसची माणसं उठली. कोटाच्या बाह्यांत हात घालत ग्रँड, ग्रँड, पुन्हा कधीतरी, असं म्हणत पांगली. अकराला मंडळातल्या बायकांनी पर्सा खांद्याला लावल्या. ज्यांच्यासमोर पाठ ताठ करायची ती माणसंच निघून चालली, हे शैलेंद्रच्या कपाळावर दिसत होतं. चित्राला ते कपाळ पाठ होतं.

"थांबू या की," केतकी म्हणाली. केतकी आशिषची बायको; त्यांचा गंधार तिच्या मांडीवर डोकं ठेवून पेंगत होता. "त्यांनी थांबायला सांगितलंय ना? आमच्याकडे काही घाई नाही. मी खिचडी टाकते पोरांना."

"देव एकच असतो हो, केतकी," शैलेंद्र म्हणाला. "भाव महत्त्वाचा." आणि चित्राकडे पाहिलं. चित्रानं निघालेल्या पर्सा मोजल्या आणि मान हलवली.

त्यानं नारळ फोडला. हात जोडले, एलियाहूचं नाव घेतलं, पुढं काय म्हणायचं ते माहीत नसल्यामुळे गणपतीची आरती सुरू केली. लोक परतले, टाळ्या वाजवू लागले, दारातल्या पर्सा खाली आल्या. त्यानं ताटात हात घातला आणि पहिली मूठ स्वतःच्या तोंडात टाकली.

तेव्हा बेल वाजली.

मिल्काबाई दारात उभ्या होत्या. मागं काळसर निळं आभाळ, आणि ढगांच्या फटीत तीन चांदण्या, जणू कुणी आत्ताच खिळे ठोकलेले. त्यांनी शैलेंद्रच्या ओठाला लागलेल्या पोह्यांकडे पाहिलं.

"काय केलंस रे?"

"मावशी, लोक निघाले होते. तुम्ही आला नाहीत. मला... म्हणजे, भाग पडलं."

"मी आले नाय? मी चार दारांवर बसले होते." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "एवढंच सांगितलं होतं तुला. थांब म्हणून."

त्या वळल्या. शैलेंद्रनं घाईनं पुढं होऊन त्यांचा पदर धरला, "मावशी, ऐका तरी," आणि ते सुती लुगडं, चांगलं धडकं, टरकन् फाटलं. हातभर चिंधी त्याच्या मुठीत राहिली. हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

"बघ," मिल्काबाई चिंधीकडे पाहत म्हणाल्या. "तुज्या हातात आता येवढंच."

आशिष कपांचा ट्रे घेऊन दाराशी उभा होता. जाता जाता त्यांनी आधारासाठी धरावा तसा त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पायरी उतरल्या. त्यांच्या हातात बाटली नव्हती; चित्रानं नीट पाहिलं होतं. तरी आशिषच्या केसांवर तेलाचा ओला पंजा उमटला होता.

त्या रात्रीपासून उशीचा वास खवट झाला.

पुढचं सगळं हळूहळू झालं, भिंतीत ओल चढते तसं. तपासणीत कारखान्याच्या एका मालात दोष निघाला, मग दुसऱ्यात. शैलेंद्र बोलायला उभा राहिला की माणसं मोबाइल पाहू लागत, आणि आशिष कोपऱ्यात बसून नुसता "हो ना" म्हणाला तरी माना वळत. शैलेंद्रला झोप येईना. दिवेलागणीला तो खिडकीपाशी उभा राहून आभाळात काही शोधायचा. ऑगस्टमध्ये सुलेखाची बदली किलकेनीच्या हॉस्पिटलात झाली आणि मायलेकी गेल्या. शैलेंद्र निरोप द्यायला गेला तर मिल्काबाईंनी पडदे लावून घेतले.

ऑक्टोबरात आशिष, केतकी आणि गंधार जेवायला आले होते. आशिषनं खोक्यांमागची हकिगत पुन्हा सांगायला घेतली आणि शैलेंद्रनं अक्षयाची कॅमोगीची, म्हणजे इथल्या मुलींच्या हॉकीसारख्या खेळाची काठी उचलून त्याच्या डोक्याच्या रोखानं फेकली. आशिष खाली वाकला म्हणून वाचला. काठी प्रेसवर, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटावर आदळली आणि दाराला खोक पडली.

"सर, नेम चुकला हो तुमचा," आशिष हसत म्हणाला, पण त्याचे ओठ पांढरे झाले होते. घरी जाताना त्यानं चित्राला बाजूला घेऊन सांगितलं, "वहिनी, मी त्यांच्या विरुद्ध काही करणार नाही. त्यांची खुर्ची त्यांची. जाईल तेव्हा जाईल." भला माणूस. चित्राला त्याचा रागच आला. भल्या माणसांचा हिशेब लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं किलकेनीला फोन लावला.

"मावशी, तुमच्या त्या पहिल्या राजाचं पुढं काय झालं?"

"आता इचारतेस व्हय?"

"सांगा ना."

"त्याचं नि त्याच्या लेकरांचं एकाच दिशी झालं. लढाईत. डोंगरावर."

चित्रानं फोन दुसऱ्या कानाला धरला. "आणि दुसरा राजा?"

"दुसरा चांगला. पर त्यो थांबला गो. त्याच्याबी डोक्याला तेल लागलं होतं, तरी पयला पडेपर्यंत त्यानं खुर्चीला बोट लावलं नाय. दोनदा हातात आली होती, तरी नाय."

चित्रानं त्यातलं आपल्या उपयोगाचं तेवढं घेतलं: लेकरांचं, आणि दुसरा चांगला. त्या दिवसापासून तिला पुऱ्या नको होत्या, पद्मिनी नको होती, काही नको होतं. अक्षया हवी होती. ती नवऱ्याच्या मागं लागली, खुर्ची सोड. समजावलं, भांडली, बोलणं टाकलं. शैलेंद्रचं एकच: "मी सोडली तर ती त्याला मिळेल." जी पाठ सरळ व्हावी म्हणून तिनं जीव टाकला होता ती आता वाकायलाच तयार नव्हती.

नोव्हेंबरात मिल्काबाई गेल्या. झोपेतच, सुलेखानं कळवलं. शैलेंद्र दोन दिवस जेवला नाही. "त्या असत्या तर विचारलं असतं," तो म्हणत राहिला. "एकदा बोलल्या असत्या माझ्याशी तर मी ऐकलं असतं. त्या म्हणाल्या असत्या सोड, तर सोडली असती."

चित्रानं ते वाक्य उचलून ठेवलं.

जानेवारीतला शुक्रवार होता. शैलेंद्र घरून काम करत होता, अक्षया शाळेत. तीनच वाजले होते, पण आभाळ खाली उतरून खिडकीला टेकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शैलेंद्र अक्षयाला घेऊन शॅननला जाणार होता; तिचा सराव, त्याचं काहीतरी काम. रेडिओवर रस्त्यांवर बर्फाचा इशारा होता. चित्रानं केस सोडले, चूल बंद केली आणि जमिनीवर बसून घुमायला लागली.

अंगात येणं तिनं लहानपणी नवरात्रात पाहिलं होतं. कसं हुंकारायचं, मान कशी टाकायची, सगळं डोळ्यांसमोर होतं. आवाजाची काळजी नव्हतीच. काय म्हणायचं तेही ठरवलेलं: मी मिल्का, सोड खुर्ची, तुला माफी आहे, पोरीला घेऊन सुखानं राहा. भाषण छोटं आणि गोड.

"चित्रा? काय झालं? चित्रा!" शैलेंद्र धावत आला.

"कशाला उठवलंस रे मला?" चित्रा म्हणाली. झकास जमलं होतं. मंडळात टाळ्या पडल्या असत्या.

शैलेंद्र गुडघ्यांवर बसला. "मावशी?"

आता, माफीचं वाक्य. तिनं तोंड उघडलं आणि तोंडात खवट तेल आलं. जिभेवर, दातांमागं, घशात. माफीचं वाक्य त्या तेलात बुडालं. मान तिनं टाकली नव्हती तशी मागं गेली, आणि तिच्या तोंडून, तिच्या परवानगीशिवाय, शांतपणे, बसची वेळ सांगावी तसं कुणीतरी बोललं:

"मला काय इचारतोस? सांगायचं ते सांगून झालंय. उद्या जो खुर्चीत असंल, त्यो नि त्याचं लेकरू, माज्यापाशी."

शैलेंद्र होता तसा, सगळ्या उंचीनिशी, फरशीवर आडवा पडला. चित्रा सिंककडे धावली आणि ओकली. पडलं ते नुसतं पाणी. वास मात्र घरभर.

मग तिनं पिठलं टाकलं, भाकरी थापली. तो नको म्हणत होता. तिनं जमिनीवर बसवूनच एकेक घास भरवला. खाऊन झाल्यावर त्यानं लॅपटॉप मागितला आणि मुख्य ऑफिसला राजीनामा धाडला. प्रकृतीचं कारण. आजपासून, तात्काळ. "पुढं कोण ते त्यांचं ते बघतील," तो म्हणाला. त्याचा चेहरा बऱ्याच महिन्यांनी माणसाचा दिसत होता.

पाच वाजता आशिषचा फोन आला. शैलेंद्र झोपला होता, म्हणून चित्रानं घेतला.

"वहिनी, हे काय आहे? मला म्हणताहेत तुम्ही सांभाळा तात्पुरतं. मी अजून हो म्हटलं नाही. सरांना राग नाही ना येणार?"

"छे."

"मी काय म्हणतो, सोमवारपासून घेतो. तोवर त्यांचा राजीनामा तसाच राहू दे कागदावर. दोन दिवसांत त्यांचं मन बदललं तर? मला थांबायला काही नाही. खरंच."

मागून गंधारचा आवाज येत होता: बाबा, तुमची नवीन रूम बघायला मी येऊ? केतकी त्याला दटावत होती.

चित्रा उभी होती तिथून अक्षयाचे चिखलाचे बूट दिसत होते. तिचं डोकं नेहमीसारखं चालू होतं. ते कधी थांबतच नसे. आशिष सोमवारी बसला तर उद्या खुर्चीत कोण? राजीनामा स्वीकारला नाही तोवर शैलेंद्रच. आणि आशिष आज बसला तर? त्या आवाजानं नाव घेतलं नव्हतं. पण दुसरा राजा चांगला, असं मावशी स्वतः म्हणाल्या होत्या. त्याच्या डोक्याला तेल लागलेलं. त्याला काय होतंय? ती हे स्वतःला इतक्या भराभर सांगत होती की त्यातली भोकं दिसायच्या आत पुढचं वाक्य येई.

सांगता आलं असतं. आशिष, उद्या त्या खोलीकडे फिरकू नकोस, पोराला नेऊ नकोस, का ते विचारू नकोस. त्यानं विचारलंही नसतं. मग मात्र खुर्ची रिकामी राहिली असती, आणि रिकामी खुर्ची कुणाच्या नावावर लागते, हे तिला माहीत नव्हतं.

"आशिष," ती म्हणाली, "सोमवार कशाला? आजच हो म्हण. शैलेंद्रचीही तीच इच्छा आहे."

"नक्की ना, वहिनी?"

"ग्रँड आहे सगळं. घे बिनधास्त."

शनिवारी सकाळी चित्रानं गाडीच्या किल्ल्या तांदळाच्या डब्यात घातल्या. अक्षया रुसून बसली, "धिस इज सो अनफेअर, मम," आणि चित्राला वाटलं, याहून गोड काही आपण ऐकलेलं नाही. शैलेंद्र दुपारपर्यंत झोपला. बाहेर ऊन पडलं होतं, पातळ, पिवळं, आणि रस्ता काचेसारखा चमकत होता. त्यावर नजरेला न दिसणारा बर्फ होता.

फोन अकरानंतर आला. सुलेखाच्या एका मैत्रिणीचा, एनिसच्या हॉस्पिटलातून. आशिष गंधारला नवी खोली दाखवायला शॅननला निघाला होता. वळणावर गाडी घसरली, कडेच्या भिंतीवरून पलीकडे ओढ्यात गेली. वेग फार नव्हता, कुणाची चूक नव्हती. दोघंही जागीच.

केतकीच्या घरी पहिली पोचली ती चित्रा. केतकी पायरीवर बसली होती. तिनं चित्राचे हात धरले आणि म्हणाली, "काल तुम्हाला फोन करेपर्यंत तो म्हणत होता, मी सोमवारी बसतो. मग अचानक म्हणाला, वहिनी म्हणाल्या आजच. तुम्हाला माहीत आहे का हो, कसली घाई होती?"

चित्रानं हात सोडवून घेतले. तिनं आत जाऊन चहा टाकला.

हिशेब तसा अवघड नाही. ताटाला हात लावला तो शैलेंद्रनं. दारातल्या पर्सा मोजून मान हलवली ती चित्रानं, आणि फोनवर आजच म्हणाली तीही चित्राच. शैलेंद्र आता रात्री झोपतो, अक्षया पुढच्या वर्गात गेली. जमेला तेवढं आहे. भरलं ते आशिषनं आणि गंधारनं, एकदाच. केतकी अजून भरते आहे.